पडदा मागून काळा हवा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चादर ताणणं.

पोरगा सणसवाडीला कंपनीत आहे. त्यानं आईसाठी छोटा प्रोजेक्टर आणून दिला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ती टीव्हीच्या इतकी जवळ बसायची, की मालिका ती बघायची अन् मी तिचा अंबाडा बघायचो. आता चित्र मोठं दिसणार होतं. पण आमच्या घराला आतून गुलाबी ऑइल पेंट, तिनंच हौसेनं मारून घेतलेला. त्या भिंतीवर मालिकेतली माणसं ताप आल्यासारखी लाल दिसायची, अन् मधोमध दिव्याचा ठिपका डोळ्यात घुसायचा. म्हणून चादर.

मी खुर्चीवर, ती पलंगावर.

"ओढा की. जेवला न्हाई का?"

"ओढतोय. तू सैल सोडतीयास."

"मी सैल सोडलं असतं तर तुम्ही कवाच खाली आला असता."

चित्र लागलं. मालिकेतल्या सुनेच्या गालावर चादरीची ही मोठी सुरकुती. "चांगली तरणी पोर, आपण म्हातारी केली," म्हणली, अन् बसल्या जागी हसत राहिली. उद्या शिक्रापूरला जाऊन नीट पडदा आणू म्हणली. मी म्हणलं, बघू.

सकाळी ती चहा ठेवायला उठली नाही. डॉक्टरनं हार्ट म्हणून सांगितलं. यावर जास्त लिहिणं मला जमत नाही. माझी शाळा चौथीपर्यंतच.

दशक्रियेला पुतण्यानं तळेगावच्या चौकात दहा बाय आठचा फ्लेक्स लावला. फोटो त्याच्याच लग्नातला. त्या लग्नात बायकांची पंगत अर्ध्यात असतानाच जिलेबी संपली होती, तेव्हा ती आचाऱ्याला झाडत होती. फ्लेक्सवाल्यानं आचारी काढून टाकला अन् मागं निळं आभाळ भरलं. पण तिचं वर केलेलं बोट तसंच राहिलं. खाली शोकाकुल म्हणून तेरा जणांचे फोटो, निम्मे गॉगल घातलेले. त्यातल्या त्यात दुःखी मीच दिसत होतो, कारण माझा फोटो आधार कार्डावरचा होता. चौकात आलेला माणूस वर बघायचा अन् गाडी हळू करायचा. आपलंच काहीतरी चुकलं, असं वाटत असणार.

पुढं कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस आला, ती जागा त्यांना लागली. पुतण्यानं फ्लेक्स गुंडाळून माझ्या दारात आणून ठेवला.

आमच्याकडं फ्लेक्स वाया जात नाही. कांद्यावर टाकतात, न्हाणीवर टाकतात. आमच्या गोठ्यावर तिनं स्वतः दोन माजी सरपंच अन् एक संचालक अंथरलेत. एवढ्या पावसाळ्यात गळले नाहीत. पण तिला कांद्यावर कशी टाकायची? घरात लावतो म्हणलं, तर दौंडची मेहुणी फोनवर कडाडली, "दाजी, गेलेल्या माणसाचा येवढा दांडगा फोटू घरात लावत्यात व्हय? बारका फ्रेमचा करा."

फ्रेमचा पोरानं करून आणला, पासपोर्ट साईजवरून मोठा केलेला. त्यात ती शांत दिसते, कुणाला काही म्हणायचं नसल्यासारखी. ती बाई मला अनोळखी. माझी ती गुंडाळीत होती, अन् तिला जागा नव्हती.

पोराला वाटलं, म्हातारा एकटा पडलाय. मला गाडीवर बसवून शिक्रापूरला घेऊन गेला. "आप्पा, आई म्हणत व्हती तो पडदा घेऊन टाकू. मॅच तरी बघत जावा."

दुकानदार तरणा अन् बोलका. "आबा, मॅट व्हाइट देऊ का ग्रे? गेन किती पायजे?"

"गेन म्हंजी?"

"पडद्यावर पडलेल्या उजेडातला किती माघारी येतो, ते. एक गेन म्हंजी साधा. जास्तीचा घेतला तर मधी बसणाऱ्याला लख्ख दिसतं आन् कडंच्याला अंधुक."

"मधी कोण बसायचं ह्यावरनं आमच्यात डोकी फुटतील. फुडं?"

"खोलीत उजेड शिरत असंल तर ग्रे. त्यातबी फ्रेमचा हाय, तीन पायांच्या स्टँडचा हाय, मोटरचा हाय. प्रोजेक्टर कुठं ठेवणार?"

"पलंगावर."

"किती लांब, असं विचारतोय."

"पलंग हाय तिथंच हाय."

पोरगा तोंड फिरवून हसला. साईज विचारल्यावर माझ्या तोंडून गेलं, दहा बाय आठ. दुकानदार म्हणला, तुमच्या प्रोजेक्टरचा उजेड तेवढ्याला पुरायचा नाही, आबा. विचार करून सांगतो म्हणून मी खाली उतरलो. विचार झालाच होता.

घरी आल्यावर गुंडाळी सोडली. फ्लेक्सची पाठ पांढरीधोट, चमक नाही, अन् ताणला की एक सुरकुती नाही. कडेनं दोरी ओवायला रिंगा तयार. आमच्या पडवीला रस्त्याच्या अंगाला लोखंडी जाळी आहे. त्या जाळीला सुतळीनं फ्लेक्स बांधला, पाठ आत अन् तोंड रस्त्याकडं. कुणी विचारलंच तर सांगायचं, पडदा आहे. खरं सांगायचं तर पडदा नुसतं निमित्त. सकाळचं ऊन रस्त्याकडून यायचं, तेव्हा ती आतल्या बाजूला फिकट उमटायची. उलटी, उजवं बोट डावीकडं गेलेलं. मी समोर बसून चहा प्यायचो. आठ दिवस बरे गेले.

रविवारी मेहुणी अन् साडू आले. साडू रेल्वेतून रिटायर झालाय. दौंडला त्याच्या घरी मोठा पडदा, चार कोपऱ्यांत चार स्पीकर. त्याला सगळ्यातलं कळतं, अन् जे कळत नाही त्यातलं जास्त कळतं. गाडी त्यांनी गोठ्याकडं लावली अन् मागच्या दारानं आत आले, त्यामुळं रस्त्याकडची बाजू दोघांनी पाहिली नव्हती.

साडूनं पडद्याला बोट लावून बघितलं. "पाव्हणं, कापड कंचं?"

"फ्लेक्स."

"उलटा लावलाय व्हय? पलीकडं कोण हाय?"

"हाय कुणीतरी."

त्यांच्यासाठी प्रोजेक्टर पहिल्यांदाच पडवीत आणून मॅच लावली. साडूनं टेप काढून अंतर मोजलं, प्रोजेक्टरखाली माझी दोन पायताणं सरकवली, अन् चित्र खरंच झकास आलं. मेहुणी शेजारी दूध आणायला गेली. दिवस बुडून कडूसं पडायला लागलं होतं.

तेवढ्यात रस्त्यावरून मेहुणीचा आवाज आला. "दाजी, भाईर या. ह्यांनाबी आणा."

बाहेर चार बाया पदर सावरून उभ्या, अन् एक मोटरसायकलवाला हेल्मेट काढून थांबलेला. आतल्या उजेडानं फ्लेक्स मागून पेटला होता. बोलर तिच्या कानापासून पळत निघाला, नाकावरून गेला अन् गालापाशी त्यानं चेंडू टाकला. ती बोट वर करून त्याला झाडत होती.

शेजारची म्हातारी म्हणली, "बया, अजून राग गेला न्हाई हिचा."

"माझ्या भनीच्या तोंडावरनं बावीस माणसं पळवली तुम्ही," मेहुणी म्हणली.

"तेरा," साडू म्हणला. "फिल्डिंगची अकरा, बॅटिंगची दोन."

"तुम्ही गप ऱ्हावा. दाजी, हे आत्ताच्या आत्ता काढा."

"न्हाई काढत."

"का म्हून?"

"काढून कुठं ठेवू? कांद्यावर?"

"फ्रेम करून दिली की पोरानं."

"फ्रेममधी ती गप हाय. मला गप नको."

मेहुणीनं दुधाचं पातेलं ओट्यावर ठेवलं अन् फ्लेक्सजवळ जाऊन ते वर केलेलं बोट बघितलं. मग म्हणली, "जिलेबीच्या येळंचा न्हवं हा?"

"व्हय."

"मीच राहिले व्हते त्या पंगतीत. माझ्या पानात पडली न्हवती म्हणून भांडत व्हती." तिनं पदरानं नाक पुसलं. "ऱ्हाऊ द्या मग. पर तिच्या तोंडावर उजेड मारू नका. दिसभर राबून जरा टेकली, की उजेडानं वैतागायची ती."

हे मला ठाऊक असायला पाहिजे होतं. चाळीस वर्षं दिवा मालवायला तिलाच उठावं लागलं.

आम्ही आत येऊन बसलो, अन् रस्त्यावरच्या खांबावरचा दिवा लागला. आता ती आत उमटली. बॅट्समनच्या डोक्यावर तिचं बोट.

"पाव्हणं," साडू म्हणला, "अंपायर आली."

मेहुणीसुद्धा हसली. मग साडू खुर्ची पुढं ओढून मला समजावायला लागला. त्याच्या आयुष्यातलं कामाचं असं हे एकच बोलणं. "मागनं काळा असलेला पडदा मिळतो. ना हिकडचा उजेड तिकडं, ना तिकडचा हिकडं. ओढायचा घ्या. वर अडकवायचा, सांजच्याला खाली घ्यायचा, मॅच झाली की सोडून द्यायचा, आपसूक वर जातो. दिवसा तुम्हाला काय बघायचं ते बघा."

मी प्रोजेक्टर बंद केला. कोण जिंकलं ते अजून मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपनं शिक्रापूरला गेलो. दुकान उघडायचं होतं, पायरीवर बसलो. दुकानदारानं शटर वर करता करता विचारलं, "झाला का आबा इचार? ग्रे का व्हाइट?"

"रंग कंचाबी दे. ओढायचा पायजे आन् मागनं काळा पायजे."

"मागं भिंत असंल तर काळ्याची काय गरज न्हाई."

"भिंत न्हाई. मागं आमची मंडळी हाय."

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं अन् माळ्यावरून लांब खोकं उतरवलं. पडदा हुकाला अडकवून खाली ओढला. मी त्याला पडद्याच्या मागं उभं केलं, मोबाईलची बॅटरी लावली अन् कापडावर धरली.

"काय दिसतंय का?"

"न्हाई, आबा."

मी बॅटरी कापडाला टेकवली अन् पुन्हा विचारलं.