ताईचा नकार

मोबाईल नवे नवे होते तेव्हाची गोष्ट. ओझरच्या कारखान्यात नोकरीला असलेला एक मुलगा माझ्या ताईला रोज संध्याकाळी मिस्ड कॉल द्यायचा. घरी पोचला, सुखरूप आहे, एवढाच त्याचा अर्थ. शाळेत शिकवून दमलेली ताई तेवढ्यावर अशी खुलायची की मला हेवा वाटे. लग्नाचंही त्यांचं आपसात ठरलं होतं.

एके दिवशी कॉल बंद झाले. भांडण नाही, तंटा नाही. हिने केला तर तो उचलेना. मैत्रिणीकडून कळलं, साहेब धडधाकट आहेत आणि रोज कामावर जातात. त्या पळपुट्याचा मला आजही संताप येतो.

ताई मात्र वर्षभर स्वतःलाच तपासत राहिली. "मी जास्त बोलते का गं? त्या दिवशी हसले ते लागलं असेल का त्याला?" तोंडावर नाही म्हटलं असतं, तर रडून मोकळी झाली असती.

पुढे दिंडोरीचं स्थळ आलं. घरची द्राक्षबाग, मुलगा सालस. पोहे खाऊन मंडळी गेली, पण ताईचं मन होईना. बाबा म्हणाले, "कळवतो म्हणून सांगितलंय. आता गप्प बसायचं. लोक समजून घेतात." आमच्याकडची रीतच ती. आणि याला आपण सभ्यपणा म्हणतो!

ताई उठली आणि बाबांच्या देखत तिने त्यांच्याकडे फोन लावून मुलालाच फोनवर बोलावून घेतलं. मुलीने स्वतः नकार कळवणं आमच्या घरात कधी घडलं नव्हतं. मी तिला चिकटून, जीव मुठीत धरून उभी.

"माझा नकार आहे," ती म्हणाली. "तुम्ही वाट बघू नका."

"माझ्यात काय कमी हाय, तेवढं सांगता का?" पलीकडून त्याने विचारलं.

"तुमच्यात काहीच कमी नाही. माझंच मन अजून तयार नाही."

"सांगितलं ते लय बरं केलं," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

इतकी धीट बाई मी नंतर पाहिली नाही. बाबा लालबुंद झाले होते. ते काही बोलणार, तोच ताई म्हणाली, "बघितलंत बाबा? एवढंच तर सांगायचं असतं. मला एवढंसुद्धा कुणी सांगितलं नाही."

आणि ती ढसाढसा रडायला लागली. बाबांना ओझरचं काहीच ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी एक शब्दही विचारला नाही, नुसते तिच्याजवळ बसून राहिले.