शौकतमामांचं बिनगुलालाचं राजकारण

शौकतमामा कुणालाही भेटले की आधी रामराम आणि लगेच शर्टाच्या खिशातून कोल्ड्रिंकची स्ट्रॉ. "घ्या पावणं, नाक दाबा आन् ह्यातनं श्वास घ्या." समोर पंचायतीचा सभापती असो नाहीतर दुधवाला, सुटका नाही. माणूस लालबुंद होऊन स्ट्रॉ थुंकला की मामा म्हणायचे, "तुमी थुकलासा. माझ्या अल्फियाला थुकता येत न्हाय."

अल्फिया म्हणजे त्यांच्या लेकीची लेक. त्यांना नाना म्हणणारी, पहिलीतली, बडबडी, आणि बाळदमा असलेली.

मामा आता लेकीच्या घरच्यांबरोबर मलकापूरला गेलेत, पण तेव्हा उचगावात आमच्या भिंतीला भिंत होती. जेसीबी चालवायचे. आमच्याकडं निवडणूक जिंकल्यावर जेसीबीतून गुलाल ओतल्याशिवाय विजय काही पचत नाही, आणि त्या कामात मामांचा हात धरणारा कोणी नव्हता. अशाच एका मिरवणुकीत आईच्या कडेवर बसलेली अल्फिया गुलालानं गुदमरली. ओठ निळे पडले. वरून ओतणारे आजोबाच! तेव्हापासून हलगी ऐकू आली की पोरीला आत कोंडायचं, दारं-खिडक्या लावायच्या आणि फटींना ओली फडकी लावायची.

मामांनी मग गावाचं डोकं खायला सुरुवात केली. कोणी म्हणालं, दम्याच्या पंपाची सवय लागते, तर हे तयारच: "मग चष्म्याची लागत न्हाय व्हय? तो काढा आन् जावा घरला." मी एकदा म्हटलं, "मामा, दम्यावर कुठं मतं मिळतात होय?" तर माझ्यावरच खेकसले, "पोरांस्नी मत न्हाय, म्हणून तर ह्यांस्नी पोरं दिसत न्हाईत!"

शेवटी त्यांनी डॉक्टरांना गळ घालून शाळेत बाळदम्याचं शिबिर भरवलं. उद्घाटनाला सरपंचपदाचे उमेदवार आबा. आबा गाडीतून उतरले आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी शाळेच्या दारातच फटाक्यांची भली मोठी माळ लावली. धूर थेट वर्गात! तपासायला आलेली निम्मी पोरं खोकायला लागली. मामांनी माईक हिसकावला. "आबा, शिबिर दमा घालवायचं हाय का लावायचं?" आणि भर स्टेजवर आबांच्या हातात स्ट्रॉ. आबांनी नाक दाबलं, डोळे पांढरे केले आणि घाम पुसत शब्द दिला, "जिंकलो तर तुमच्या गल्लीत गुलाल न्हाय, फटाका न्हाय."

जिंकले की हो आबा! आणि निकालादिवशी पाहते तर काय, मिरवणुकीच्या पुढं गुलालानं भरलेला जेसीबी आणि सीटवर आमचे मामा. माझं टाळकंच सरकलं. "लाज वाटत नाही?" मी खालून ओरडले. "दुसरा बसला तर ओतणारच की," ते शांतपणे म्हणाले.

गल्लीच्या तोंडाशी त्यांनी बकेट पार वर नेलं, जेसीबी आडवा घातला, इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकून खाली उतरले. गुलाल आभाळात, कार्यकर्ते खाली, माना वर करून उभे. मागं डॉल्बीची गाडी अडकली. "मामा, सोडा की!" "मामा, किल्ली!" नुसता गोंधळ. मामा सरळ आबांपुढं गेले. "गुलाल तुमचाच हाय, कुठं पळून जातोय? एवढी गल्ली चालत जावा. पलीकडं माळावर न्हाऊ घालतो तुमास्नी."

आबांनी जेसीबीकडं पाहिलं, मामांकडं पाहिलं. मला वाटलं, आता पेटतंय. पण आबांनी चपला सावरल्या आणि म्हणाले, "चला रे. दिलाय शब्द."

पांढऱ्याफेक कपड्यातला विजयी उमेदवार आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. हात जोडत आबा निघाले, मागं हलगी. मामांनी धावत जाऊन घराचं दार उघडलं, फडकी ओढून काढली आणि अल्फियाला बाहेर आणून उंबऱ्यावर उभं केलं. पोरीनं सगळी मिरवणूक डोळे फाडफाडून पाहिली. मग कंबरेवर हात ठेवून मोठ्यानं विचारलं, "नाना, एवढंच असतं व्हय?"

सगळी गल्ली हसली, आबासुद्धा. मामांनी मात्र तिला उराशी धरलं आणि पोरासारखे हुंदके देत म्हणाले, "व्हय गं माझे बाय, एवढंच असतं."