निळ्या स्कूटरचं चाक

हे नवऱ्याला ठाऊक नाही. माझ्या सख्ख्या आईलाही नाही. तुम्हाला सांगतेय — कदाचित तुम्ही कधी आमच्या घरी जेवायला येणार नाही म्हणून. लिहिताना काही वाटतंय असंही नाही. खरं तर काहीच होत नाहीये. पाच वर्षांत सगळं आत बसून गेलंय.

आधी आईंबद्दल सांगायला हवं. आई म्हणजे माझ्या सासूबाई, मालवणकडच्या. बांगड्याच्या तिखल्यावर जीव. बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी देवीपुढे हात जोडून मासे सोडले. मासे, मटण, अंडं, सगळंच. बाबा वाचले. पुढे वीस वर्षं आमच्यासाठी मासे त्याच रांधायच्या, मीठसुद्धा चाखून न बघता. मग हात धुवायच्या आणि आपल्या वेगळ्या पातेल्यातलं वरण घेऊन बसायच्या. बाबा चालतेफिरते आहेत ते या नेमामुळे, अशी त्यांची खात्री होती. मी मनातल्या मनात हसायचे. पण जपायचे मात्र. निदान जपते असं दाखवायचे.

आणि मग माझा तो केकचा क्लास.

ऐरोलीत आमच्याच सोसायटीत एक मॅडम शनिवारी फॉन्डंट शिकवायच्या. फॉन्डंट म्हणजे साखरेची कणीकच समजा. लाटायची, केकवर पांघरायची, उरलेल्या गोळ्यातून फुलं, बाहुल्या वळायच्या. ऐकायला सोपं वाटतं ना? चाळिशी उलटलेली मी एकटीच नवशिकी. माझं फॉन्डंट कडांना फाटायचं, वर बारीक सुरकुत्या पडायच्या. मॅडम त्याला हत्तीची कातडी म्हणायच्या. सगळ्या हसायच्या, मीही हसायचे. पण मला ते लागायचं. बावीस वर्षं पोळ्या लाटणाऱ्या बाईला साखर लाटता येऊ नये?

दुसऱ्याच शनिवारी मॅडमनी फॉन्डंट ताणलं जावं म्हणून त्यात घालायच्या जिलेटिनचा डबा दाखवला. त्यावर मांसाहारीचा तपकिरी ठिपका होता. हे जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढतात, म्हणाल्या, घरात कुणाला चालत नसेल तर समुद्री शेवाळाचं अगर-अगर घ्या, पण नव्या हाताला ते ऐकत नाही. मी वहीत लिहून घेतलं. खाली रेघही मारली. तेव्हा मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही. ती वही अजून आहे.

बाबांची पंच्याहत्तरी आली. त्यांच्या जुन्या निळ्या स्कूटरवर त्यांचा फार जीव. महाप्याच्या कारखान्यात ते तिच्यावरूनच जायचे. मी जाहीर करून टाकलं — केक मी करणार, वर फॉन्डंटची स्कूटर. सकाळी अगर-अगरचा गोळा मळला. फाटला. परत मळला, परत फाटला. तिसऱ्यांदा स्कूटर उभी राहिली आणि माझ्या डोळ्यांदेखत गुडघे मोडल्यागत खाली बसली. दुपारचे दोन वाजले होते. संध्याकाळी माणसं येणार होती. फ्रीजवरच्या डब्यात क्लासमधला उरलेला गोळा होता, जिलेटिनचा. मऊ, गुळगुळीत. मी तो काढला.

का? घाबरून? नाही हो. साधा केक करता आला असता. कोपऱ्यावर बेकरी होती. पण मला ती स्कूटर हवी होती. लोकांनी विचारायला हवं होतं, बाहेरून मागवला का म्हणून. आईंना केकच देणार नाही, काहीतरी कारण सांगेन, असंही मनाशी घोकलं होतं. तेही केलं नाही.

केक म्हटला की आमच्याकडे एकच प्रश्न, अंडं आहे का. अंडं नव्हतं. आईंचं मात्र तेवढ्याने भागलं नाही. त्या जवळ आल्या, हळूच म्हणाल्या, "गो, ह्यां माका चालात मां?"

मी म्हटलं, "हो आई, तुमच्यासाठीच तसा केलाय."

बाबांनी स्कूटरचं काळं चाक मोडून काढलं आणि सगळ्यांसमोर आईंच्या तोंडात घातलं. टाळ्या वाजल्या. मी सुरी हातात धरून त्यांच्या अगदी बाजूला उभी होते. आई लाजत लाजत ते चाक चघळत राहिल्या. फॉन्डंट लवकर विरघळत नाही.

बाबा त्यानंतर महिन्याभराने गेले. झोपेतच. नेमाचा आणि त्याचा संबंध नाही, हे मला कळतं. पण प्रश्न मला काय कळतं हा आहे का? तेराव्यानंतर आई भिंतीला टेकून बसायच्या आणि एकच विचारायच्या, "माझां खंय चुकलां गो?" मी त्यांच्यापुढे चहा ठेवायचे.

मग त्यांना आठवलं. बाबा जायच्या आठ दिवस आधी त्या मंगलकडे जेवल्या होत्या. मंगल माझी नणंद, जासईला असते. तिच्याकडे त्या दिवशी माशांचं कालवण होतं. कालवणातला डाव आमटीत गेला असणार, आईंनी ठरवून टाकलं. पोटच्या मुलीने नेम मोडला. मंगल माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली. "वहिनी, शप्पथ, डाव वेगळाच होता. तू तरी सांग ना आईला. तुझं ऐकते ती."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. सांगते, म्हणाले. सांगितलं नाही.

सांगितलं असतं तर मंगल सुटली असती. इतकं सोपं होतं. एक वाक्य.

त्याला आता पाच वर्षं झाली. आईंनी जासईच्या घरी पुन्हा पाणी घेतलेलं नाही. मंगल दिवाळीला फराळ घेऊन येते, तो वॉचमनकडे जातो. आणि माझ्याबद्दल आई सगळ्यांना सांगतात, माझ्या सुनेच्या हातचं डोळे मिटून खावं. मला लाज वाटायला हवी ना? सुरुवातीला वाटायची. आता ऐकते आणि कामाला लागते.

गेल्या रविवारी मंगल आली होती. जेवायच्या वेळी ती आपणहून उठली, आईंना दिसेल अशी सिंकपाशी उभी राहिली आणि डाव दोनदा घासून धुतला. मग वरणाचं पातेलं घेऊन आईंच्या ताटाशी वाकली. आईंनी ताटावर हात आडवा धरला. माझ्याकडे पाहिलं.

मी उठले. मंगलच्या हातातून डाव घेतला आणि आईंना वरण वाढलं.