पत्र्यावरची हाक

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. कुठल्या साइटवर कोणता माल अडकलाय, कोणता फिटर रजेवर आहे, सगळं माझ्या बायकोला ठाऊक असतं — हे तिलाही नाही. मी मुद्द्याचं बोलणारा माणूस. पण या मुद्द्यावर सरळ येता येत नाही, बघा.

आधी कामाची पद्धत सांगतो. आम्ही पत्र्याची छतं घालतो. पत्रा वर घ्यायचा, लोखंडी आडव्या दांड्यांवर टेकवायचा, स्क्रू मारायचे आणि मगच त्यावर पाय ठेवायचा. खाली जनरेटर चालू असतो, लांबलचक बोलणं ऐकू येत नाही. म्हणून आमच्यात एकच हाक — ‘बठ्ठं’. म्हणजे सगळे स्क्रू बसले. ही हाक आली की पुढचा माणूस न बघता पाऊल टाकतो. त्याच्या हातात दुसरा पत्रा असतो. तो बघणार कसा?

ही हाक मला रघुनाथभाऊंनी शिकवली. ते धुळ्याकडचे, मी बोदवडचा. त्यांच्या अहिराणीत बठ्ठं म्हणजे सगळं; मी ‘सगळं’ म्हणायचो. ‘तुम्हा लोकांचं अर्धं बोलणं वऱ्हाडात जातं,’ असं म्हणत ते चिडवायचे. हेल्परचा फिटर मी झालो तो त्यांच्याच हाताखाली.

सावद्याला केळीच्या गोदामाचं छत चालू होतं. पुढे सोनगीरला मोठी शेड होती आणि तिथे आमच्या कंत्राटदार शेठना मुकादम नेमायचा होता. भाऊच होणार, असं सगळे धरून चालले होते. मी? फिटरचा मुकादम, मुकादमाचा सुपरवायझर — माझ्या पायऱ्या मनात ठरलेल्या होत्या. पहिल्याच पायरीवर भाऊ उभे होते.

त्या दुपारी शेठची गाडी फाटकातून आत आली. माझा पत्रा नुसता टेकवलेला होता. भाऊ पुढचा पत्रा घेऊन थांबले होते — माझ्यासाठी. शेठ वर बघतील तेव्हा काय दिसेल? भाऊ तयार, आणि मी अजून वाकलेलाच. एवढंच डोक्यात आलं.

मी ‘बठ्ठं’ म्हणालो.

एकही स्क्रू मारलेला नव्हता.

भाऊंनी पाऊल टाकलं. पत्रा त्यांच्यासकट घसरला. कमरेला पट्टे बांधायची तेव्हा आमच्यात रीत नव्हती. खाली सिमेंटचा कोबा होता.

मग शेठनी मला विचारलं, काय झालं. वर आम्ही दोघंच होतो. भाऊंनी हाक येण्याआधीच पाय टाकला, असं मी सांगितलं. आवाज जरासुद्धा कापला नाही — हे मला नीट आठवतं.

दवाखान्यात त्यांच्या खुब्यात सळई घातलेली. मी खाटेजवळ उभा. ते हळूच म्हणाले, “माले वाटनं, तू बठ्ठं म्हनना.”

माझ्या तोंडाकडे बघत होते. रागाने नाही. खात्री करून घ्यायची होती त्यांना. त्या वेळी बोललो असतो तर?

“नाही, भाऊ,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. स्वतःच्या कानांपेक्षा त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

सोनगीरला मुकादम म्हणून मी गेलो. पुढच्या पायऱ्या ठरल्याप्रमाणे आल्या. आज जळगावात माझी स्वतःची कंत्राटं आहेत. भाऊ पुन्हा छतावर चढले नाहीत. ते माझ्याच गोदामात बसतात, फिटरांना हत्यारं काढून देतात. लोक म्हणतात, जुन्या माणसाला शेवटपर्यंत सांभाळलं. मी नाही म्हणत नाही.

ते पडावेत असं मला वाटत होतं का? नव्हतं. पण हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारतो, ते सांगवत नाही.

नवे फिटर आले की भाऊ त्यांना जवळ बोलावतात. लंगडा पाय पुढे करून दाखवतात. गेल्या सोमवारीही दाखवला. मी तिथेच उभा होतो.

“हाक पक्की ऐकज्यात रे,” ते म्हणाले. “मी ऐकामा चुकनू.”

पोरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

ते ऐकण्यात चुकले नव्हते.