व्याह्यांच्या हातानं फिरले माझ्या पिकअपचे हब

मंडळी, आज जीव थंड झाला!

पिकअपच्या पुढच्या चाकांना हातानं फिरवायचे लॉकिंग हब बसवले, तेव्हा कामथडीचे व्याही भर साखरपुड्यात म्हणाले होते, "चिखल दिसला की आबा उतरून दळणाचं जातं फिरवणार!" सगळा मांडव हसला.

आज वेल्ह्याच्या वाटेवर त्यांचीच, बटण दाबलं की चारी चाकांना जोर देणारी नवी गाडी दुधाच्या कॅनांसकट चिखलात रुतलेली.

"आबा, ओढा की! दूध नासंल."

"ओढतो की. पण हब फिरवल्याबिगर पुढची चाकं जोर लावत न्हाईत, अन् माझे गुडघे दुखत्यात. तेवढं तुमीच फिरवा."

कडक इस्त्रीतले व्याही घोटाभर चिखलात वाकले. एक हब झाला. म्हटलं, "पलीकडचा बी!"

दूध वाचलं. मी चुकलो का, सांगा. नाव मुद्दाम लिहिलं नाही. कामथडीत माझी सोयरीक एकाच घरी आहे.