रविवारचा फोन

हे गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी फोन वाजला आणि मी तो वाजू दिला. कोणाचा आहे ते ठाऊक होतं. कचेरीत ह्यांच्याशेजारी बसणारे, निवृत्तीनंतर कोइमतूरला परतलेले, दर रविवारी फोन करणारे मित्र. त्यांना हिंदी कधी जमलं नाही, त्यामुळे दोघांचं सगळं बोलणं इंग्रजीत. फोन बहुतेक मीच उचलायची. ‘हॅलो, वन मिनिट’ म्हणायचं आणि बाल्कनीत पेपर वाचत बसलेल्या ह्यांना हाक मारायची. इतक्या वर्षांत मी बोललेलं इंग्रजी एवढंच.

वाचते मात्र पुष्कळ. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकले, तरी जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या अडखळल्याशिवाय वाचते. बोलायची वेळ आली की वाक्य आधी मनात तपासून घेते. ते बरोबर असल्याची खात्री होईपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्याच विषयावर गेलेला असतो.

पुढच्या रविवारी गुडगावहून आलेली मुलगी वैतागली.

“आई, उचल ना यार! अंकल काय तुझी परीक्षा घेणारेत?”

“ते नाही घेत गं. मीच देत बसते.”

“मग मी बोलू?”

“नको.”

ती चार शब्द नीट बोलून आभार मानेल, आणि मग ते कशाला फोन करतील? लग्नाआधी हे दिल्लीत कसे राहिले, करोल बागेतल्या दोघांच्या त्या भाड्याच्या खोलीत काय चालायचं, हे आता त्या एकट्या माणसाला माहीत होतं.

त्यानंतर एकदा फोन जेमतेम वाजला आणि थांबला. तो पूर्ण आठवडा माझा धड गेला नाही. रविवारी मी एक वाक्य पाठ करून फोनजवळ बसले. तो वाजला.

“हॅलो, वन मिनिट,” मी म्हणाले, फोन टेबलावर ठेवला आणि बाल्कनीच्या दारापर्यंत गेलेसुद्धा.

तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. परत आले तर ते पलीकडे थांबलेलेच होते. पाठ केलेलं वाक्य आठवेना.

“सॉरी. आय वेंट टू कॉल हिम.”

पलीकडून नाक ओढल्यासारखं ऐकू आलं. “आय ऑल्सो. आय डायल टू टॉक टू हिम ओन्ली.”

मग, काहीतरी विचारायचं म्हणून असेल, त्यांनी नाश्त्याला काय केलं ते विचारलं.

“थालीपीठ,” मी म्हणाले. “राउंड. होल इन मिडल.”

ते एकदम हसले. “आय नो, आय नो! ही बर्न्ट इट एव्हरी संडे. इन दॅट करोल बाग रूम.”

लग्नानंतर ह्यांनी कधी चहासुद्धा केला नव्हता. मला काही येत नाही, म्हणायचे.

“ही कुक्ड?” मी विचारलं. वाक्य बरोबर होतं की नाही, तपासलं नाही.

“यू डोन्ट नो? सिट, सिट. लाँग स्टोरी.”

मी बसले.