मिठाशिवाय हाक

“मेंढराला फुकटची हाक मारायची न्हाई, बोलवलं का त्याच्या तोंडात कायतरी पडलंच पायजे.”

हे वाक्य मेंढपाळ ग्यानबानं पुतणीला, दिपालीला, ऐकवलं होतं. दिपाली पुण्यात कॉम्प्युटरचे गेम बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. आवाज गोळा करणं हे तिचं काम. दीड वर्षापूर्वी ती पालमजवळच्या गावी आली, काकाच्या तोंडापुढं माइक धरला आणि म्हणाली, “मारा हाक.” ग्यानबानं आधी कमरेच्या पिशवीतून मूठभर खडेमीठ काढलं. मगच हाक मारली, “हुर्रऽऽ याऽऽ हो!” शंभर मेंढरं धावत आली आणि त्याच्या मुठीला भिडली. पुढं चांदी नावाची मेंढी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. ती जिकडं जाते तिकडं बाकीच्या जातात.

ग्यानबाकडे कुत्रं नाही. त्यानं मेंढरावर कधी दगड भिरकावलेला नाही. दोन्ही बाजूंना उभं पीक आणि मध्ये बैलगाडीपुरती वाट, अशातून तो कळप नेतो तो या एका हाकेवर.

गेम यंदा दिवाळीनंतर आला. नाव ‘अग्निमुकुट’. फोनवर दिपालीचा आवाज पडलेला होता. “काका, तुमची हाक आहे त्यात. पण गेम फसला. लोक शिव्या द्यायलेत.”

शिव्यांचं ग्यानबाला काही वाटलं नाही. आपली हाक त्या गेममध्ये कुणाला ऐकू जाते आणि ती ऐकून कोण येतं, एवढंच त्याला बघायचं होतं.

जानेवारीतल्या एका दुपारी तो योग आला. रात्री लेंडीखतासाठी बन्सीधररावांच्या रानात मेंढरं बसवायची होती आणि वाट पालमवरून जात होती. बबलूच्या कॉम्प्युटर सेंटरसमोर मोकळं मैदान आहे. तिथं बाभळीखाली कळप थांबवून ग्यानबा आत गेला. बबलू दिवसभर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतो आणि मधल्या वेळात गेम खेळतो.

“मामा, तुमी तर हिरो झालाव! पण गेम लय बोगस हाय. तीनदा त्याच राक्षसाला मारलं, तिन्ही वेळा तो तिथंच उभा.”

“मग त्याला राहू दे की उभा. तुला काय करायलाय?”

बबलू हसला. पडद्यावर चिलखत घातलेला एक माणूस डोंगर चढत होता. ग्यानबा स्टुलावर पुढं सरकून बसला.

“ह्यो जेवतो कवा?”

“जेवत न्हाई. लाल बाटली पितो.”

“आन् पाणी?”

“पाण्यात पडला का मरतो.”

ग्यानबानं मान हलवली. मग हिरवं कुरण आलं. कुरणात मेंढ्या होत्या, पांढऱ्याशुभ्र, सगळ्यांचं तोंड एकसारखं.

“कुणाच्या हायत?”

“कुणाच्याच न्हाईत.”

“आसं कसं? रात्री कुणाच्या रानात बसत्यात?”

“तुमची हाक ऐका,” म्हणत बबलूनं दारातला जाहिरातीचा मोठा स्पीकर जोडला आणि एक बटण दाबलं.

“हुर्रऽऽ याऽऽ हो!”

पडद्यावरची एकही मेंढी वळली नाही. दोन मेंढ्या कुंपणात डोकं घालून जागच्या जागी चालत राहिल्या. पण बाहेर बाभळीखाली धूळ उठली. चांदी दारात येऊन उभी राहिली आणि तिच्यामागं अख्खा कळप.

“आरं, वळखलं!” ग्यानबा पोरासारखा खुश झाला. बाहेर जाऊन त्यानं मीठ वाटलं. “डब्यातनं बोललो तरी वळखायलीत!”

बबलूला मात्र आता गेममधल्या मेंढ्या हलवायच्याच होत्या. त्यानं परत बटण दाबलं. पुन्हा बाहेरची मेंढरं आली. ग्यानबा पुन्हा उठला. चौथ्या वेळी पिशवीच्या तळाचा चुरा निघाला. पाचव्या वेळी चांदीनं त्याचा मोकळा तळवा हुंगला, चाटला आणि ती तशीच उभी राहिली.

“बस कर, बाबू. मीठ सरलं.”

“हे शेवटचं, मामा.”

त्या शेवटच्या वेळी पडदा गोठला. चिलखतातला माणूस एक पाय वर करून थांबला, आवाज मात्र चालूच राहिला. हुर्रऽऽ याऽऽ हो. हुर्रऽऽ याऽऽ हो. बबलूनं सगळी बटणं दाबून पाहिली. मेन स्विच बंद केला तर इन्व्हर्टर सुरू झाला. तो टेबलाखाली शिरून स्पीकरची वायर शोधू लागला.

ग्यानबा दारात उभा राहून मोजल्यासारखा बघत होता. पहिल्या हाकांना चांदी परत पुढं आली. मग अर्ध्यावर थांबली. मग नुसते कान हलले. आणि मग त्याचाच आवाज मैदानभर फिरत असताना तिनं तोंड फिरवलं, खाली बसली, रवंथ करू लागली. बाकीच्याही बसल्या.

वायर सापडली. एकदम शांत झालं.

“दिपालीताईला सांगा, गेमनं तुमालाच हँग केलं म्हणून!” टेबलाखालून निघत बबलू म्हणाला. ग्यानबाचा चेहरा पाहून त्याचं हसू विरलं. “मामा, आता तुमी मारा की हाक. खरी.”

ग्यानबानं बाहेर बघितलं. ऊन कलायला लागलं होतं. बन्सीधररावांच्या रानापर्यंत दोन्ही बाजूंना कणसात आलेली ज्वारी होती, मध्ये ती अरुंद वाट. त्यानं श्वास भरून घेतला, तोंड उघडलं. हात सवयीनं कमरेच्या पिशवीत गेला आणि तिथंच थांबला. पिशवी उलटी करून त्यानं झटकली. काहीच पडलं नाही. तोंड मिटलं.

“मारा की, मामा.”

त्यानं घोंगडी खांद्यावर टाकली, काठी उचलली आणि बाहेर पडला. मेंढरांकडं न वळता तो सरळ कोपऱ्यावरच्या कुसुमबाईच्या किराणा दुकानाकडं चालू लागला.